हरणाच्या शिकारीसाठी ग्राउंड ब्लाइंड: धनुष्यवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राउंड ब्लाइंड म्हणजे शिकाऱ्याने जमिनीवर लपून बसायचा आडोसा, बहुधा तंबूसारखा. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इथे धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो. ऑगस्ट लागला की मंडळातल्या ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात: ब्लाइंड कोणता घेऊ, किती मोठा घेऊ, जाळीतून बाण जातो का. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. उदाहरणं इथली आहेत आणि हरीण म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. शिकार करावी की नाही या वादात मी इथे पडत नाही.

एक ठाम मत आधीच सांगतो. ब्लाइंड बाहेरून बघून पसंत करायची वस्तू नाही. आत खुर्चीवर बसा, धनुष्य हातात घ्या, दोरी पूर्ण ताणा आणि मग ठरवा. खालच्या बहुतेक उत्तरांचा धागा शेवटी इथेच येतो.

झाडावरचं मचाण सोडून जमिनीवर कशाला बसायचं?

मचाणाचे फायदे खरेच आहेत. लांबचं दिसतं, वास थोडा डोक्यावरून जातो आणि हरीण सहसा वर बघत नाही. पण मचाणावरून पडून हातपाय मोडून घेणारे शिकारी दर हंगामात असतात, आणि पडणारे बहुतेक चढता-उतरता पडतात. गुडघे कुरकुरत असतील, सोबत मूल असेल, पाऊस-वारा असेल किंवा मक्याच्या शेताच्या कडेला धड एक झाड नसेल, तर जमिनीवर बसणं शहाणपणाचं. शिवाय धनुष्याला हालचाल लागते. बंदूक खिडकीवर टेकवून तासभर बसता येतं, इथे मात्र हरीण समोर असताना हात मागे ओढावा लागतो. चार भिंतींच्या आडोशाला ती हालचाल लपते. धनुष्यवाल्यासाठी ब्लाइंडचा खरा उपयोग हाच.

तोटा एकच, पण मोठा: तुम्ही हरणाच्या नजरेच्या आणि नाकाच्या उंचीवर येता.

प्रकार किती आणि त्यातला माझ्या कामाचा कोणता?

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो हब ब्लाइंड. चार भिंती आणि छत, प्रत्येकाच्या मधोमध एक हब, म्हणजे काड्या जोडणारा सांधा, त्यातून फायबरग्लासच्या काड्या कोपऱ्यांकडे जातात. मधली दोरी बाहेर खेचली की भिंत खटकन फुगते. सराव असेल तर उभारायला दोन-तीन मिनिटं पुरतात. वजन साधारण १५ ते ३० पौंड. पहिला ब्लाइंड घेणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सांगतो.

दुसरा, स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा पॉप-अप. हलका आणि स्वस्त, पण आत जागा कमी आणि कापड सैल असतं, त्यामुळे वाऱ्यात फडफडतं. बंदूकवाल्याला चालतो, धनुष्याला बहुधा अपुरा.

तिसरा, खांबांना कापड लावून केलेली नुसती कुंपणासारखी आड. डोक्यावर छत नाही. लांब धनुष्य वापरणाऱ्यांना ही फार सोयीची, कारण वरचं टोक कशाला लागत नाही. पण हालचाल पूर्ण लपत नाही आणि पाऊस आला की संपलं.

चौथा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पेटीवजा बॉक्स ब्लाइंड. स्वतःची जमीन असेल तरच. त्यातही खिडक्या बहुधा बंदुकीच्या हिशेबाने आडव्या आणि अरुंद ठेवलेल्या असतात. धनुष्याला उभी उंच खिडकी लागते.

आणि पाचवा फुकटचा: पडलेलं झाड, वाळक्या फांद्या, गवत. ज्याला स्थिर बसता येतं त्याच्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. नवशिक्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. दोरी ताणण्याची वेळ चुकली की हरीण शेपटी वर करून पसार होतं.

पिशवीवर ७५ बाय ७५ इंच लिहिलंय. म्हणजे भरपूर जागा ना?

थांबा. हब ब्लाइंडचं छापलेलं माप अनेकदा एका हबपासून समोरच्या हबपर्यंतचं असतं, म्हणजे भिंत जिथे सर्वांत जास्त बाहेर फुगते तिथलं. जमिनीवरचा चौकोन त्याहून बराच लहान असतो. ७५ इंची म्हणून घेतलेल्या ब्लाइंडची जमीन ६० इंचांच्या आसपास निघाली तर नवल वाटून घेऊ नका. खुर्ची जमिनीवर ठेवायची आहे, तेव्हा दोन्ही मापं बघा. एकच दिलं असेल तर ते मोठंच असणार असं धरून चाला.

एकट्या कंपाउंड बोवाल्याला (दोन्ही टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) जमिनीवर ६० बाय ६० आणि मधोमध उंची ६५ ते ७० इंच हे माझ्या मते किमान. दोघं बसणार असाल किंवा तुम्ही सहा फुटी असाल तर त्यापुढे जा. रिकर्व्ह किंवा लाँगबो, म्हणजे बिनचाकांचं पारंपरिक लांब धनुष्य, असेल तर गोष्टच वेगळी. ६० इंच किंवा त्याहून लांब धनुष्य बसून उभं धरलं की वरचं टोक छताला भिडतं. ते तिरकं धरावं लागतं, आणि तिरकं धरायला रुंदी लागते. अशांनी ८० इंच उंचीचे मोठे ब्लाइंड तरी बघावेत, नाहीतर छत नसलेली आड.

उगाच सगळ्यात मोठाही घेऊ नका. ३० पौंडांचा गठ्ठा पाठीला, हातात धनुष्य, गळ्यात दुर्बीण, आणि गाडीपासून पाऊण मैल दलदलीतून चालायचं. नाकापेक्षा मोती जड होतो.

दुकानात तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

शिकारीच्या मोठ्या दुकानांत एक-दोन ब्लाइंड उभे करून ठेवलेले असतात. दुकानदाराला विचारून स्वतःचं धनुष्य आत न्या, आणि जी खुर्ची रानात नेणार तीच, किंवा तितक्याच उंचीची. बाण लावायचा नाही. दोरी ताणा आणि तितकीच सावकाश परत सोडा. रिकामी दोरी झटकन सोडली तर धनुष्य मोडू शकतं आणि इजाही होऊ शकते.

ताणताना सगळं लक्ष कोपराकडे ठेवा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचं कोपर पूर्ण ताणावर पाठीमागच्या भिंतीकडे जातं. नुसतं घासलं तरी कापडावर चर्र आवाज येतो, आणि भिंत बाहेरून अशी हलते की २० यार्डांवरच्या हरणाने डोकं वर केलंच समजा. मग वरचं चाक बघा, छताच्या काडीला लागतंय का. खालचं चाक बघा, मांडीला किंवा खिडकीखालच्या कापडाला लागतंय का. आता खुर्चीवर अर्धवट वळा आणि कोपऱ्यातल्या खिडकीकडे तोंड करून हेच पुन्हा करा. समोरच्या खिडकीतून सगळ्यांचंच जमतं. हरीण मात्र कोपऱ्यातून येतं.

ऑनलाइन मागवलात तर हीच परीक्षा अंगणात घ्या, लेबल आणि पावती सांभाळून. दुकानदार परत घेतो तो नवा ब्लाइंड, चिखल लागलेला नाही.

खिडक्या कशा असाव्यात?

माझ्या मते पैसे इथे खर्च करावेत. तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे आवाज. वेल्क्रो असलेली खिडकी मी घेत नाही. शांत पहाटे वेल्क्रो उघडण्याचा आवाज बंदुकीपेक्षा वाईट वाटतो. झिपही फारशी बरी नाही, थंडीत अडकते. हूक आणि लवचीक फास, लाकडी गुंड्या, लोहचुंबक किंवा वर-खाली सरकणारे पडदे चांगले. हातमोजे घालून एका हाताने उघडून बघा.

दुसरी उंची. खिडकीची खालची कड तुम्ही बसल्यावर छातीच्या खाली यायला हवी. याचं कारण बऱ्याच जणांना एक बाण फुकट गेल्यावर कळतं. कंपाउंड बोवर डोळा पीप साइटमधून, म्हणजे दोरीत बसवलेल्या बारीक कडीतून बघतो आणि बाण त्या नजरेच्या रेषेच्या तीन-चार इंच खाली असतो. डोळ्याला खिडकीतून हरीण स्वच्छ दिसतं, नेमाची पिन बरोबर त्याच्या खांद्यामागे बसलेली असते, आणि बाण मात्र खिडकीखालचं कापड फाडून कुठेतरी भलतीकडे जातो. म्हणून नेम धरण्याआधी मान खाली करून बाणाचं टोक मोकळ्या हवेत आहे ना ते बघायची सवय लावून घ्या.

तिसरी, किती उघडता येते. ३६० अंश खिडक्यांची जाहिरात असते, पण सगळ्या उघडायच्या नसतात. मागची खिडकी उघडी राहिली की तुमची काळी आकृती समोरच्या हरणाला उजेडावर स्पष्ट दिसते. मागच्या बाजूच्या बंद, समोरच्या फक्त गरजेपुरत्या उघड्या. बाहेरून तो काळा चौकोन जितका लहान तितका बरा. म्हणून हवी तेवढीच फट ठेवता येणाऱ्या खिडक्या मला आवडतात.

खिडकीच्या जाळीतून बाण सोडता येतो का?

जाळी त्यासाठीच बनवलेली असेल आणि बाणाचं टोक स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार टोक) असेल तर येतो. उघडणाऱ्या पात्यांचं, म्हणजे मेकॅनिकल ब्रॉडहेड जाळीतून कधीही सोडू नका. जाळीला लागताच पाती उघडू शकतात आणि बाण भरकटतो. स्थिर पात्यांनीही जाळी ताठ हवी. सैल जाळी बाणाला ओढते. अंगणात त्याच जाळीचा तुकडा चौकटीला लावून सराव करा. प्रत्येक बाणागणिक जाळीला चीर पडते, म्हणून बदली जाळ्या मिळतात का तेही विचारून ठेवा.

मी स्वतः जाळी काढूनच टाकतो. संधिप्रकाशात ती उजेड खाते ते वेगळंच, आणि जखमी हरीण रात्रभर शोधण्याची वेळ आणणारी कुठलीही गोष्ट मला नको.

आतून आरपार दिसणारं कापड आलंय म्हणे. घ्यावं?

आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही, असं बारीक भोकांचं कापड एका, दोन किंवा तीन भिंतींना असतं. ज्याला चार भिंतींत कोंडल्यासारखं होतं त्याला हे वरदान. बाजूने येणारं हरीण आधीच दिसतं, त्यामुळे घाईघाईने ताणावं लागत नाही. धनुष्यवाल्याला तो अर्धा मिनिट सोन्याचा.

पण अटी आहेत. उन्हाची तिरीप थेट आत आली किंवा तुमच्या मागची भिंतही आरपार असली तर तुमची सावली बाहेर दिसते. चारही बाजूंनी आरपार मला नको, दोन किंवा तीन पुरे. पहाटेच्या पहिल्या उजेडात त्यातून नीट दिसत नाही. आणि बाण या कापडातून सोडायचा नाही, खिडकीतूनच.

कुठला कॅमो पॅटर्न, म्हणजे कापडावरची रान-पानांची छपाई, चांगला?

जो स्वस्त मिळेल तो. त्यावर लावलेल्या फांद्या महत्त्वाच्या. फक्त कापड चकचकीत नको. नवीन पॉलिस्टर उन्हात चमकतं. मळकट, मॅट पृष्ठभागाचं बघा, आणि आतलं अस्तर मात्र पूर्ण काळं हवं.

आत बसताना कपडे कोणते?

काळे किंवा गडद. बाहेरचा पानाफुलांचा जाकीट काळ्या अस्तरासमोर उजळ दिसतो. चेहरा आणि हात हे दोनच उजळ ठिपके उरतात, म्हणून काळा मास्क आणि काळे हातमोजे. धनुष्य धरणारा हात खिडकीच्या सगळ्यात जवळ असतो, तो आधी झाका.

हरणाच्या डोळ्यात आपल्यासारखे तीन नाही, दोनच प्रकारचे रंगग्राहक असतात. लाल-नारिंगी त्याला मंद, भुरकट दिसतं. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो, आणि अतिनील किरणं अडवणारी गाळणी आपल्या डोळ्यात असते तशी त्याच्या डोळ्यात नसते. त्यामुळे ‘कपडे उजळ करणाऱ्या’ साबणाच्या पावडरीत धुतलेलं जाकीट मंद प्रकाशात त्याला उठून दिसू शकतं. शिकारीचे कपडे साध्या, बिनवासाच्या, उजळक नसलेल्या साबणात धुवा. निळी जीन्स घालून येणारे महाभाग दर वर्षी भेटतात.

ब्लाइंड कधी लावायचा? आदल्या दिवशी चालेल का?

टर्की पक्ष्याच्या शिकारीला चालतो. टर्की नव्या ब्लाइंडसमोरून निवांत दाणे टिपत जाते. हरीण तसं नाही, त्यातही म्हातारी मादी तर मुळीच नाही. रोजच्या वाटेवर काल नसलेली वस्तू दिसली की ती थबकते, मान खाली-वर करते, पुढचा पाय जमिनीवर आपटते. एकदा तिने नाकातून फुस्स केलं की त्या संध्याकाळी तिथे दुसरं हरीण येईल अशी आशा धरू नका.

खासगी जमिनीवर मालकाला विचारून दोन-तीन आठवडे आधी लावा. हंगाम सुरू झाल्यावर आदल्या रात्री उभारणं म्हणजे वरातीमागून घोडं. लावल्यावर तिथल्याच फांद्या, गवत, मक्याची धाटं यांनी तो झाका. छताच्या सरळ कडा आणि कोपरे आधी मोडा, कारण रानात सरळ रेषा कुठेच नसते. बऱ्याच ब्लाइंडना फांद्या अडकवायला पट्ट्यांचे फास शिवलेले असतात. ते भरपूर आहेत का ते घेतानाच मोजा. हिरव्या फांद्या चार दिवसांत वाळतात आणि झाकलेला ब्लाइंड उघडा पडतो, तेव्हा मधे एकदा फेरी मारावी लागेल.

सार्वजनिक जमिनीवर ही चैन नाही. अनेक ठिकाणी ब्लाइंड रात्रभर ठेवायला परवानगी नसते. तिथे हलका ब्लाइंड, दाट झुडपाच्या पोटात, आणि निम्मं काम झुडपाने करायचं.

जागा कशी निवडू?

वाऱ्यापासून सुरुवात करा. हरणांच्या येण्याच्या वाटेवरून वारा तुमच्याकडे यायला हवा. मग सूर्य. पहाटेच्या बैठकीत खिडकी पूर्वेला असेल तर ऊन थेट तुमच्या तोंडावर येतं आणि आतलं सगळं उजळतं. संध्याकाळी पश्चिमेचं तेच. सूर्य पाठीशी, सावलीत, मागे झाडी.

वाटेपासून अंतर १५ ते २० यार्ड. त्याहून जवळ गेलात तर दोरीचा कुरकुराटही ऐकू जातो. लांब गेलात तर वेगळी अडचण. २७० फूट प्रति सेकंद वेगाचा बाण २० यार्ड जायला साधारण पाव सेकंदापेक्षा किंचित कमी वेळ घेतो, दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो, आणि सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. अंतर वाढलं की हे दबणं वाढतं आणि बाण पाठीवरून जातो.

बसल्या बसल्या खुणेच्या झाडांचं अंतर रेंजफाइंडर या अंतर मोजणाऱ्या यंत्राने मोजून ठेवा. हरीण आल्यावर मोजायला हात मोकळा नसतो.

ब्लाइंडमध्ये वास कोंडून राहतो, हे खरं का?

थोडा राहतो, पण भरवसा ठेवण्याइतका नाही. वाऱ्याकडच्या आणि मागच्या खिडक्या बंद असतील तर वास कमी पसरतो एवढंच. नव्या ब्लाइंडला कारखान्याचा रासायनिक वास येतो. आणल्याबरोबर आठवडाभर बाहेर उघड्यावर ठेवा. गॅरेजमध्ये पेट्रोलच्या डब्याशेजारी किंवा फोडणीच्या वासात स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. हिंगाचा वास पॉलिस्टरमधून जात नाही, हा विज्ञानापेक्षा अनुभवाचा भाग.

खुर्ची कोणती?

पाठ टेकता येणारी, न करकरणारी, आणि शक्यतो बसल्या जागी फिरणारी. उंची खिडकीच्या हिशेबाने, म्हणजे ब्लाइंडबरोबरच ठरवायची. हात असलेली खुर्ची नको, धनुष्याचं खालचं चाक खुर्चीच्या हाताला आपटतं. पायांना रुंद टाचा असलेली घ्या, नाहीतर ओल्या मातीत एक पाय रुततो आणि नेम तिरका होतो. खाली पानं, काटक्या साफ करून नुसती माती ठेवा. बूट सरकला तरी आवाज नको.

मुलाला सोबत नेऊ का?

नक्की न्या. ब्लाइंडचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग हाच. मूल चुळबुळ करतं, चिवडा खातं, कुजबुजतं, आणि भिंतींमुळे त्यातलं बरंच चालून जातं. एकालाच धनुष्य, दुसऱ्याने मागच्या कोपऱ्यात. वयाचे आणि सोबतीचे नियम राज्यागणिक वेगळे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी शिकारीचं प्रशिक्षण लागतं, पण ते नसतानाही अनुभवी माणसासोबत शिकायची सोय आहे.

आणि गोचिड्या. काळ्या पायांची गोचीड इथे लाइम रोग पसरवते आणि प्रौढ गोचिड्या शरद ऋतूतही, थंडी गोठवणारी होईपर्यंत, हिंडत असतात. जमिनीवर बसणाऱ्याला त्या जास्त भेटतात. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांना आणि बुटांना लावा, अंगाला नाही. घरी आल्यावर अंग तपासा, मुलाचं आधी.

जमिनीवरून बाण मारताना काय वेगळं?

मचाणावरून बाण खाली जातो, चुकला तरी मातीत घुसतो. जमिनीवरून तो सपाट जातो. हरणाच्या मागे काय आहे हे इथे बंदुकीइतकंच बघायला हवं: वाट, घर, दुसरा शिकारी. मागे उतार किंवा माती असेल अशी जागा मुद्दाम निवडा.

हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तेव्हाच बाण सोडा. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा. समोरून छातीत मारण्याचे व्हिडिओ बघून कोणी भुलू नये. बाण लागल्यावर हरीण पळतं ते खिडकीच्या चौकटीतून क्षणात नाहीसं होतं, मचाणासारखं लांबवर दिसत राहत नाही. शेवटचं कुठल्या झाडाशी दिसलं ते लगेच मनात पक्कं करा आणि अर्धा तास तरी जागचे हलू नका.

नारिंगी कापड ब्लाइंडला लावावं लागतं का?

धनुष्याच्या हंगामात बंदुकीचा हंगाम आडवा येतो, तेव्हा हो. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा मुख्य बंदूक हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. बंदुकीच्या हरीण हंगामात राज्याच्या जमिनीवरच्या ब्लाइंडला किमान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा चमकता गुलाबी रंग सर्व दिशांनी दिसेल असा लावावा लागतो. अंगावरही तोच रंग, हातात धनुष्य असलं तरी. गुलाबी रंगाला इथे २०१६ मध्ये मान्यता मिळाली. इतर राज्यांचे आकडे वेगळे, त्यांची नियमपुस्तिका फुकट मिळते. नियम नसला तरी लावा. ब्लाइंडमधला माणूस बाहेरून दिसत नाही, आणि हरणाला नारिंगी तसाही मंद दिसतो.

थंडीत आत हीटर चालेल का?

छोटा प्रोपेन हीटर लोक नेतात. खिडकी उघडी ठेवूनच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडने झोप लागते ती कायमची. कापड आणि वाळलं गवत पेट घेतं हेही लक्षात असू द्या. मी दोन थर लोकरीचे मोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा यावर भागवतो.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य, असेल तर?

बाकी सगळं तेच, फक्त उंचीऐवजी रुंदी बघा. क्रॉसबोचे हात आडवे असतात. खिडकीच्या बाजूच्या काडीला ते लागले तर बाण तर वाया जातोच, शिवाय धनुष्यही फुटू शकतं. तिवई आणि क्रॉसबो दोन्ही मावतील अशी जमीन हवी.

किती पैसे घालावेत?

अमेरिकेत हब ब्लाइंड साधारण १०० डॉलरपासून मिळतो आणि ५०० च्या पुढेही जातो. माझ्या मते १५० ते ३०० मध्ये काम होतं. त्याखाली काड्या बारीक आणि शिवण कच्ची. वरचा पैसा आरपार कापड, शांत खिडक्या आणि जाड कापड यांवर जातो. अमेरिस्टेप, बॅरोनेट, मडी, रायनो, प्रायमोस ही नावं दुकानात दिसतील. मॉडेलं दर वर्षी बदलतात, म्हणून नावापेक्षा कोपऱ्याची शिवण आणि हबचा सांधा हाताने ओढून बघा. हंगाम संपल्यावर जानेवारीत भाव उतरतात.

मी एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. शिकार करता येते का?

शिकारीचा परवाना राज्य देतं आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. रहिवासी की बाहेरचा यावर शुल्क ठरतं. बंदुकीबाबत संघीय कायदा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना वेगळी वागणूक देतो, त्यात शिकारीचा वैध परवाना ही एक सवलत आहे. धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. आपल्यातले बरेच जण धनुष्याकडे वळतात त्याचं हेही एक कारण.

सुट्टीत गावी नेला तर?

कॅमेऱ्यासाठी न्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे, धनुष्याने असो की आणखी कशाने. पण पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हाच ब्लाइंड लपण म्हणून छान कामाला येतो. अभयारण्यात उभारायला वनखात्याची परवानगी लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायचं असेल तर वनखात्याचीच मचाणं असतात, तुमचा ब्लाइंड तिथे कोणी लावू देणार नाही. मे महिन्यात काळ्या अस्तराच्या आत बसणं म्हणजे भाजून निघणं, तेव्हा वरचं अस्तर फिकं असलेला बघा.

किती वर्षं टिकतो, आणि हंगामानंतर काय?

बर्फाने लवकर मरतो. ओला जड बर्फ छतावर साचला की फायबरग्लासच्या काड्या मोडतात. बर्फाचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी उतरवा, किंवा निदान छत आतून ढकलून पाडून ठेवा. दुसरा शत्रू वारा. चारही खुंट्या आणि बाजूच्या ताणदोऱ्या लावायच्याच. बरोबर येणाऱ्या खुंट्या फुसक्या असतात, लांब पोलादी वेगळ्या घ्या. तिसरा ऊन, कापड विरतं. वर्षभर रानात ठेवलेला ब्लाइंड दोन-तीन हंगामांत संपतो, जपून वापरलेला त्याच्या दुप्पट चालतो.

घरी आणल्यावर पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास पुढच्या हंगामालाही जात नाही. उंदीर कुरतडतात म्हणून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. काड्या कोपऱ्यातून निसटल्या असतील तर त्या आत्ताच बसवा आणि बदली काडी आत्ताच मागवा, सप्टेंबरमध्ये ती कुठेच मिळत नाही. आणि पिशवीत परत कसा घालायचा ते दिवाणखान्यात उजेडी दोन-चारदा करून बघा. आधी छत आत ओढायचं, मग समोरासमोरच्या भिंती. उलट केलं तर तो पिशवीत जात नाही.